राष्ट्राध्यक्षाला जाब कोण विचारणार?

खलिफा हजरत उमर (रजि.) यांची एक कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. सर्वांना सारखेच कापड मिळाले असता तुमचा अंगरखा एवढा लांब कसा, असे एका सामान्य माणसाने त्यांना भर सभेत विचारले. वडिलांना मी माझ्या वाट्याचे कापड दिले, असा खुलासा मुलाने केला, तेव्हाच सभा पुढे चालली. सत्ताधीशाला जाब विचारता येतो का, हीच लोकशाहीचीही कसोटी आहे, असे आम्ही मानतो. अमेरिकेचा अलीकडचा इतिहास या कसोटीवर घासून पाहण्याजोगा आहे.

१९७२ साली वॉशिंग्टनच्या वॉटरगेट संकुलात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात घुसखोर पकडले गेले. प्रकरण दडपताना राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतःच अडकले. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्यांनी चौकशी करणाऱ्या विशेष वकिलाला काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा ॲटर्नी जनरल रिचर्डसन यांनी हुकूम न पाळता राजीनामा दिला. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी एकमताने ध्वनिफिती देण्यास फर्मावले. त्यांतल्या तिघांना निक्सन यांनीच नेमले होते! ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. पण महिना होतो न होतो तोच त्यांचे वारस फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. खटला उभाच राहिला नाही.

तो अर्धवट राहिलेला प्रश्न ६ जानेवारी २०२१ रोजी पुन्हा उभा ठाकला. निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांनी संसद भवनावर हल्ला केला. महाभियोगात सिनेटच्या ५७ सदस्यांनी ट्रम्प यांना दोषी ठरवले, ४३ जणांनी नाही. दोन तृतीयांश मते न मिळाल्याने ते सुटले. पुढे निकाल उलटवण्याच्या कटाचा आरोप ठेवून खटला भरला गेला. मात्र १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी राष्ट्राध्यक्षाच्या अधिकृत कृत्यांना खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. त्या सहांतही तिघे ट्रम्प यांनीच नेमलेले होते. नोव्हेंबरात ते पुन्हा निवडून आले आणि खटला निकालात निघाला. २० जानेवारी २०२५ रोजी, सत्तेवर येताच, त्यांनी हल्ल्यातील सुमारे दीड हजार जणांना माफी दिली.

राज्यघटना तीच, न्यायालयही तेच. फरक पडला तो माणसांत. सत्ता निरंकुश झाली की पहिली झळ दुबळ्यांना आणि अल्पसंख्याकांना बसते. म्हणून रिचर्डसन यांचा तो नकार आम्हाला कोणत्याही कलमाहून मोलाचा वाटतो.