साखर, वाफ आणि डबल कट

मॉरिशसचा साखरधंदा नफ्यात कसा आला, हे सांगताना वाफेच्या यंत्रांचे नाव आधी निघते. खरेच आहे ते. वाफेच्या चरकातून रस जास्त निघू लागला आणि उरलेले चिपाड भट्टीत जाळल्याने सरपणाचा खर्च वाचला. पण नफ्याचे दुसरे साधन मुकाट्याने हजेरीपटात बसलेले होते: डबल कट. एक दिवस गैरहजर, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. पुरुषाचा पगार महिन्याला साधारण 5 रुपये, वर शिधा. आजारपणही अनेकदा गैरहजेरीत धरले जाई. हिशेब आमच्या शाळेतल्या मुलांनाही जमेल: दहा दिवस तापात गेले, तर वीस दिवसांचे पैसे गेले. मग कोकणातल्या घरी पाठवायला काय उरणार? पट लिहिणारा मालकाचा माणूस, आणि आपल्या बहुतेक पूर्वजांना अक्षरओळख नव्हती.

1871 साली आदोल्फ द प्लेवित्झ यांनी जुन्या मजुरांचा अर्ज लिहून दिला. त्यात 9,401 नावे होती. अर्जाचा मुख्य रोख रस्त्यात अडवून पास मागण्यावर होता. 1872 मध्ये शाही आयोग नेमला गेला, त्याने मजुरीच्या वह्याही उघडल्या आणि 1875 च्या अहवालात डबल कटचा गैरवापर नोंदवला.