विभावरी शिरूरकर: टोपणनावाआडची लेखिका

मराठीत टोपणनावांची वाण नाही. केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज ही नावे मिरवण्यासाठी होती, लपण्यासाठी नव्हे. 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने आला, तेव्हा कारण वेगळे होते. लेखिकेला नोकरी आणि अब्रू दोन्ही सांभाळायची होती.

विभावरी म्हणजे रात्र. या नावामागे होत्या बाळूताई खरे (1905–2001), लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. हिंगण्याच्या कर्वे यांच्या संस्थेत त्या शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या. खऱ्या नावाने लिहायलाही त्यांना कुणाची आडकाठी नव्हती, पण अलंकार आणि धर्मशास्त्र अशा विषयांवर! अडचण कथेची होती. शिकलेली, कमावती मुलगी घर चालवते, म्हणून तिचे लग्न लांबते. तिला शरीर आहे, इच्छा आहे. या गोष्टी घरोघर ठाऊक होत्या. बाईने त्या छापायच्या नसत.

पुस्तकावर वादळ उठले. चर्चा मात्र कथांइतकीच, किंबहुना जास्त, ‘ही विभावरी कोण?’ याची झाली. हे लेखन एखाद्या पुरुषाचेच असणार, असा तर्कही लढवला गेला. लेखिकेची ही दुहेरी कोंडी होती. नाव दिले तर कथा तिचे आत्मचरित्र समजून वाचली जाणार. नाही दिले तर लेखनाचे श्रेयच दुसऱ्याच्या खात्यावर जाणार.

तरीही त्यांनी माघार घेतली नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीतली अचला नवऱ्याने टाकलेली आहे आणि ती लग्नाविना दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते. त्या काळी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळणे जवळपास अशक्य होते, हे लक्षात घेतले की या कथानकाचा धीटपणा कळतो.

1938 मध्ये त्यांचा विश्राम बेडेकरांशी विवाह झाला. सोलापूरच्या ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत केलेल्या कामातून 1950 मध्ये ‘बळी’ ही कादंबरी आली. माझ्या मते त्यांचे सर्वांत ताकदीचे पुस्तक हेच. तोवर खरे नाव वाचकांना माहीत झाले होते, पण पुस्तकांवर विभावरी शिरूरकरच राहिल्या. 1981 च्या मुंबईतील समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी मात्र नाव होते मालती बेडेकर.