उचलून नेता येणारं घर

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईने विचारलं, “कारखान्यातून तयार भिंती येतात, चार दिवसांत खोली उभी राहते म्हणे. गटाचं कर्ज घेऊन बांधू का?” शेजारची आजी हसली. म्हणाली, “आमचं घर तर बैलगाडीतून आलं होतं.”

आजी जुन्या आंबेगावची. ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी चढण्याआधी त्यांनी घर उतरवलं. आधी कौलं, मग वासे, तुळया, शेवटी खांब. जुन्या घरात एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडी खुंटी ठोकलेली असायची. खुंटी काढली की घर सुटं. मातीच्या भिंती तेवढ्या मागे राहिल्या.

कौलांचंही असंच. गावच्या कुंभाराची नळीची कौलं हातची, एकासारखं दुसरं नाही. दर पावसाळ्याआधी ती चाळावी लागत. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. साच्यातलं एकसारखं कौल, एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसणारी. म्हणजे कारखान्यात तयार झालेला घराचा भाग आपल्या आज्यांच्या डोक्यावर कधीचाच होता, फक्त त्याला कुणी नवीन तंत्रज्ञान म्हटलं नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत आहे. 1860च्या दशकात तिचे बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या गेल्या, जहाजाने मुंबईला आल्या आणि इथे एकमेकींना जोडल्या. इतक्या लांबून लोखंड आणायची हौस साहेबालाच परवडणार! पुढे 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंचे चलचित्रांचे खेळ तिथेच झाले. सांगाडा अजून उभा आहे, पण देखभालीवाचून त्याची दशा झाली.

आता आपल्या तालुक्यातलं. 30 जुलै 2014च्या सकाळी माळीणवर डोंगर आला. 151 माणसं गेली. वाचलेल्यांसाठी पत्र्याच्या शेड उभ्या केल्या. त्या झटपट झाल्या हे खरं, आणि त्या वेळी तेच हवं होतं. पण तात्पुरतं म्हणून दिलेलं घर अडीच वर्षं पुरवावं लागलं. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली चूल पेटवून बघा, म्हणजे कळेल. आणि ज्यांचं घर डोंगराने नेलं, त्यांना रात्री पत्र्यावर वाजणारा पाऊस कसा वाटत असेल?

पक्की घरं एप्रिल 2017 मध्ये मिळाली, आमडे गावच्या जागेत. पहिल्याच पावसाळ्यात तिथे रस्ते खचले, जमिनीला भेगा पडल्या आणि लोक पुन्हा धास्तावले. भराव नवा होता, पाण्याला वाट हवी होती.

म्हणून मी त्या ताईला भिंतीबद्दल कमी आणि जमिनीबद्दल जास्त विचारलं. जागा उताराची आहे का? वरच्या बाजूचं पाणी कुठून जातं? पाया कोण घालणार, कारखानावाला की आपला गवंडी? पुढे एक खोली वाढवायची तर तो येईल का? ग्रामपंचायतीच्या नमुना 8च्या उताऱ्यावर तुझं नाव लागणार का?

शेवटच्या प्रश्नावर ती गप्प झाली. कर्ज तिच्या नावावर होणार होतं, जागा सासऱ्यांच्या. पुढच्या बैठकीला ती उतारा घेऊन येणार आहे.