‘दिओस्कूरोइ’ : नावात दडलेला दावा

कास्तोर आणि पोलिदेवकेस या ग्रीक जुळ्या देवतांचे जोडनाव ‘दिओस्कूरोइ’. वर्गात ते उच्चारताच कोणीतरी हमखास म्हणते, ‘म्हणजे आपले अश्विनीकुमारच, कूरोस म्हणजे कुमार!’ तर्क मोहक आहे, पण अर्धाच खरा.

‘दिओस’ हे ‘झ्यूस’चे षष्ठीचे रूप. झ्यूस आणि वैदिक ‘द्यौस्’ हे शब्द सख्खे भाऊ, याविषयी वाद नाही. ‘कूरोस’ म्हणजे मुलगा, तरुण. मूळ रूप ‘कोर्वोस’, इ.स.पू. १२००च्या सुमाराच्या पायलॉस येथील मृत्तिकापट्टांवर ते ‘को-वो’ असे आढळते. पुढे मधला ‘व’ गळाला आणि आयोनियन बोलीत ‘कूरोस’, अ‍ॅटिक बोलीत ‘कोरोस’ झाले. ‘कुमार’शी त्याचे साम्य केवळ कानाला भासणारे. ऋग्वेदात अश्विनांना ‘दिवो नपाता’ म्हटले आहे. तेथे ‘दिव्’ तोच, ‘नपात्’ मात्र निराळा. आमच्या मते कल्पना वारशाने आली असावी. नाव ग्रीकांनी घरीच घडवले.

आणि या नावात ‘जुळे’ असा अर्थ कोठेच नाही! आहे तो पितृत्वाचा दावा. होमरच्या महाकाव्यांत हे नाव येत नाही. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात हेलन तटावरून ज्या भावांना शोधते, ते केव्हाच मातीआड गेलेले असतात, ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात त्यांचा पिता तिंदारेओस, एक मर्त्य राजा. (यास्कही अश्विनांविषयीची मते देताना, ऐतिहासिकांच्या मते ते दोन पुण्यवान राजे होते, असे नोंदवतो.) होमरच्या नावावर मोडणाऱ्या ३३व्या स्तोत्रात मात्र ‘दिओस’ व ‘कूरोइ’ ही पदे सुटी, शेजारी शेजारी उभी आहेत आणि लगेच ‘तिंदारेओसचे पुत्र’ हे बिरुदही. दोन्ही पिते एकाच दमात! पिंडारने तोड काढली : पोलिदेवकेस झ्यूसचा, कास्तोर मर्त्याचा. समास झालेल्या नावाने तो भेदही पुसला. दोघेही झ्यूसचेच ठरले.

इटलीत या नावाचे काय झाले, हे आम्हांस अधिक बोलके वाटते. तार्क्विनिया येथे सापडलेल्या, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक चषकावर एत्रुस्कन लिपीत ‘तिनास क्लिनियारास’ असे कोरले आहे. तिन म्हणजे त्यांचा झ्यूस. अर्थ ‘तिनच्या पुत्रांना’. शब्दशः भाषांतर, पिता शाबूत. जवळपास त्याच काळातील, लाविनियम येथे १९५८ साली मिळालेल्या ब्राँझच्या पट्टीवरील लॅटिन लेखात दोघांची नावे आहेत आणि पुढे ‘कूरोइस’ हा ग्रीक शब्द जसाच्या तसा. ‘दिओस’ तेवढे गाळले आहे.