मुंबईच्या बांधणीतील आपले पूर्वज : कंत्राटदार आणि कामकरी

ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी सहजच कुलदैवते, गोत्रे, मानपान आणि मानकऱ्यांच्या नामावळी यांकडे वळते. या गोष्टींना महत्त्व नाही असे कोण म्हणेल? परंतु ज्या समाजाचे पूर्वज डोक्यावर पाटी आणि हातात थापी घेऊन परक्या मुलखात आले, त्या समाजाचा इतिहास वंशावळीत जितका सापडेल त्याहून अधिक तो हजेरीपटात, मोजमापाच्या वहीत आणि शहराच्या भिंतींत सापडेल. तेलंगणातून मुंबईस आलेल्या आपल्या वाडवडिलांनी बांधकामाच्या लहानमोठ्या मक्त्यांतून स्वतःचाच नव्हे, तर आपल्यासारख्याच परभाषी व निरक्षर माणसांचा चरितार्थ कसा चालविला आणि त्या कमाईचा काही भाग विद्येच्या कार्यी कसा लावला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कामाठी हे नाव

मुंबई मुळात सात बेटांची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डचा बांध घातला गेला, तेव्हा महालक्ष्मी व वरळी यांच्या मधून आत शिरणारे भरतीचे पाणी अडले आणि मधली दलदल हळूहळू वस्तीयोग्य होऊ लागली. भराव घालणे, रस्ते बांधणे, दगड फोडणे, चुना मळणे या कामांस माणसे हवी होती. त्याच शतकाच्या अखेरीस निजामाच्या मुलखातून, विशेषतः तेलुगु भाषिक प्रदेशातून, कारागीर व मजूर मुंबईस येऊ लागले. त्यांस लोक सरसकट ‘कामाठी’ म्हणत आणि त्यांची वस्ती तो कामाठीपुरा. येथे हे ध्यानात ठेविले पाहिजे की, कामाठी ही एक जात नव्हे. निरनिराळ्या तेलुगु भाषी जातींस बाहेरच्यांनी त्यांच्या कामावरून दिलेले ते एकच नाव होय.

पुढील काळात या वस्तीच्या नावाला जो निराळाच अर्थ चिकटला, त्यामुळे आपल्यापैकी कित्येक कुटुंबे आपले जुने ठिकाण सांगताना संकोचतात. या संकोचाचे काहीएक कारण नाही. ते नाव ज्यांच्यावरून पडले ते या शहराचे बांधकाम करणारे लोक होते. ही गोष्ट आपण आपल्या मुलांस स्पष्ट शब्दांत सांगितली नाही, तर दुसरे कोणी ती सांगणार नाही.

गुत्ता म्हणजे काय

इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास अपूर्व भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढील दोनतीन दशकांत भव्य इमारती उठल्या. हायकोर्टाची इमारत व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाले. बोरीबंदरच्या स्थानकाचे काम त्याच साली सुरू झाले. कुर्ल्याचा पिवळसर दगड, पोरबंदरचा पांढरट दगड आणि स्थानिक काळा फत्तर यांनी शहराचे रूप पालटले. या इमारतींचे आराखडे कोणी काढले हे इतिहासाच्या पुस्तकांत आढळते. दगड कोणी घडविला आणि परांचीवर कोण चढले, हे मात्र क्वचितच आढळते.

एवढे काम एका हाताने होत नसते. मोठ्या मक्तेदाराखाली लहान मक्तेदार आणि लहान मक्तेदाराखाली मुकादम, अशी ही उतरंड असते. पायाच्या खोदाईचे काम एकाकडे, दगडकामाचे दुसऱ्याकडे, चुना व वाळू पुरविण्याचे तिसऱ्याकडे. आपल्या जुन्या बोलीत यालाच ‘गुत्ता’ म्हणत. परक्या शहरात नुकत्याच उतरलेल्या, येथली भाषा न जाणणाऱ्या माणसास साहेबाच्या कचेरीत कोण उभे करणार? त्यास आपल्या भाषेत बोलणारा मुकादमच हवा. तो त्यास कामावर घेई, राहण्याची जागा दाखवी, पहिल्या आठवड्याची शिधासामग्री उधार मिळवून देई. आज आला तो बिगारी, काही वर्षांनी गवंडी, हातात चार माणसे आली की मुकादम आणि गाठीस थोडे भांडवल जमले की लहानसा गुत्तेदार. ही पायरी ज्या थोड्यांस चढता आली, त्यांनी आपल्यामागे इतरांस काम दिले. सरकारी नोकरीचे दार निरक्षरास बंद, पेढीचे दार भांडवल नसलेल्यास बंद. अशा वेळी बांधकामाचा लहान मक्ता हेच एक दार कष्टकऱ्यास उघडे होते.

परंतु या दाराशी एक मोठी अडचण होती, ती अक्षराची. गुत्तेदारास अनामत भरावी लागे. बिलाचे पैसे हाती येण्यापूर्वी मजुरांचा आठवडा चुकवावा लागे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, झालेल्या कामाचे मोजमाप दुसऱ्याच्या लेखणीने वहीत चढे. भिंत आपण बांधावी आणि तिची लांबीरुंदी दुसऱ्याने लिहावी! ज्यास ती वही वाचता येत नसे, त्याचा नफा त्या वहीतच बुडे. विद्येवाचून काय होते हे आपल्या पूर्वजांस कोणा उपदेशकाने सांगावे लागले नाही. ते त्यांस दर बिलाच्या वेळी कळत होते.

जोतीरावांचा मक्त्याचा व्यवसाय

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रातील एक बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना करणारे जोतीराव व्यवसायाने कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी या मंडळीत त्यांचा पुढाकार होता, आणि १८७० च्या दशकात पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण व कालवा यांचे जे प्रचंड काम चालले होते, त्यातील मक्ते त्यांनी घेतले होते. समाजकार्यासाठी ते कोणाच्या पगारावर अवलंबून राहिले नाहीत, याचे एक कारण हा व्यवसाय होय.

या व्यवसायाने त्यांस केवळ पैसा दिला नाही, दृष्टीही दिली. सरकारी बांधकाम खात्यातील लबाडी, कारकुनांची कमाई आणि त्यात भरडला जाणारा अडाणी मजूर व शेतकरी हे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. इंजिनियर खात्यातील या प्रकारांवर त्यांनी पोवाडाच रचला. पुढे कालव्याचे पाणी आले तेव्हा मांजरी येथे जमीन घेऊन त्यांनी बागायत केली. धरणाचे काम करणारा मनुष्य त्या धरणाच्या पाण्याचा उपयोग शेतकऱ्यास कसा व्हावा याचाही विचार करतो, हे या उदाहरणावरून दिसते.

बाराशे रुपयांचा छापखाना

आता आपल्या ज्ञातीस विशेष अभिमानाची गोष्ट. सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यास झाली, परंतु त्यास मुंबईत जो पाठिंबा मिळाला, त्यात तेलुगु मंडळी आघाडीवर होती. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, नरसिंगराव सायबू वडनाला, जाया काराडी लिंगू आणि व्यंकू बाळोजी काळेवार ही नावे त्या चळवळीच्या इतिहासात आदराने घेतली जातात. यांपैकी कित्येकांचा व्यवसाय बांधकामाच्या कंत्राटांचा होता. या मंडळींनी समाजाच्या कार्यासाठी सुमारे बाराशे रुपयांचा छापखाना घेऊन दिला. त्या काळी मजुराची दिवसाची कमाई आण्यांत मोजली जात असे, हे लक्षात घेतले म्हणजे या रकमेचे मोल कळेल. त्यांनी देऊळ बांधले असते तर त्यांस कोणी नावे ठेविली नसती. त्यांनी छापखाना दिला. ज्यांच्या पिढ्या वही वाचता न आल्याने नाडल्या गेल्या, त्यांना छापलेल्या अक्षराचे सामर्थ्य किती वाटत असेल याची कल्पना यावरून करता येते.

पुढे १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधू’ हे पत्र सुरू केले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. याच लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. ११ मे १८८८ रोजी मांडवी कोळीवाड्यात जोतीरावांचा जो सत्कार होऊन त्यांस ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली, तो मुंबईच्या कष्टकरी वर्गाने केलेला सत्कार होता. मक्तेदार, गिरणीतला कामगार आणि पत्राचा संपादक अशी ही सारी मंडळी एका विचाराने बांधली गेली होती.

महापालिकेची इमारत

बोरीबंदरसमोरील मुंबई महापालिकेची इमारत आपण सर्वांनी पाहिली आहे. तिची कोनशिला १८८४ साली लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसविण्यात आली, आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, आणि १८९३ साली ती पूर्ण झाली. या इमारतीचे कंत्राटदार उपरोक्त व्यंकू बाळोजी काळेवार हेच होत. मंजूर रक्कम होती ११,८८,०८२ रुपये आणि प्रत्यक्ष खर्च झाला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे सुमारे अडुसष्ट हजार रुपये वाचले. सार्वजनिक कामाचा खर्च अंदाजाच्या दुप्पट-तिप्पट होणे ज्या काळात कोणास नवल वाटत नाही, त्या काळात हे आकडे आपल्यातील प्रत्येक तरुण कंत्राटदाराने कचेरीच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

नाण्याची दुसरी बाजू

तथापि केवळ गौरव गाऊन थांबणे इतिहासास धरून होणार नाही. ज्या गुत्त्याने काम दिले, त्याच गुत्त्याने पुष्कळांस बांधूनही ठेविले. मुकादमाने गावी जाऊन उचल द्यावी आणि ती फिटेपर्यंत मजुराने अर्ध्या मजुरीवर राबावे, पुरुषाइतकेच ओझे वाहणाऱ्या स्त्रीचे नाव हजेरीत चढू नये, परांचीवरून पडलेल्याच्या कुटुंबास चार रुपये देऊन गावी लावून द्यावे, हे प्रकार या धंद्यात पूर्वापार चालत आले आहेत. मुकादम आपल्या भाषेचा असला म्हणून तो दयाळू असतोच असे नाही. उलट, आपल्या भाषेतील शब्दावर मजूर अधिक विश्वासतो आणि म्हणून अधिक सहज फसतो.

या अन्यायास आळा घालण्यासाठी कायदे होत गेले. १९२३ साली अपघाताच्या नुकसानभरपाईचा, १९४८ साली किमान वेतनाचा, १९७० साली कंत्राटी कामगारांचा, आणि १९९६ साली खास बांधकाम कामगारांसाठी. या शेवटच्या कायद्याबरोबर बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसविण्यात आला व त्यातून कामगारांच्या कल्याणाची तरतूद झाली. अलीकडे जुने कायदे एकत्र करून नव्या संहिताही करण्यात आल्या आहेत. परंतु ज्याचे नाव कोणत्याही पटावर नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचत नाही. शंभर वर्षांपूर्वी जी अडचण मोजमापाच्या वहीची होती, तीच आज नोंदणीच्या कागदाची आहे.

आपले कर्तव्य

आज आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे नोकरी, वैद्यक, वकिली या व्यवसायांत स्थिर झाली आहेत, आणि जी बांधकामात आहेत त्यांची स्थितीही पूर्वीसारखी राहिलेली नाही. आपल्या कामांवर आता निरनिराळ्या प्रांतांतून आलेले मजूर असतात. कोणी बिहारचा, कोणी बंगालचा, कोणी मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यातला, तर कोणी महबूबनगरकडचा, म्हणजे आपल्याच जुन्या मुलखातला. येथली भाषा त्यास येत नाही, कचेरी कोठे आहे हे त्यास ठाऊक नाही, आणि राहण्यास त्याच्यापाशी पत्र्याची खोली आहे. आपले पणजोबा ज्या स्थितीत या शहरात उतरले, त्याच स्थितीत तो उतरला आहे. तो आपल्या जातीचा नाही, एवढ्यावरून आपली जबाबदारी कमी होते काय? छापखाना देणाऱ्या मंडळींनी तो केवळ आपल्या ज्ञातीसाठी दिला नव्हता.

म्हणून आपल्यातील कंत्राटदार बंधूंस नम्र विनंती अशी की, कामावरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचे नाव हजेरीत चढवावे, नव्वद दिवस काम केल्याचा दाखला मागितल्याबरोबर द्यावा व कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी होईल असे पाहावे, बिगाऱ्यास गवंडीकाम शिकण्याची संधी द्यावी, आणि कामावरील मुलांस वाळूच्या ढिगावर न ठेवता जवळच्या शाळेत पाठवावे. यात दानधर्म काही नाही. वाडवडिलांचे ऋण फेडण्याचा हा साधा मार्ग आहे.

दुसरी विनंती सर्व सभासद कुटुंबांस आहे. माळ्यावरच्या पेटाऱ्यांत जुने करारनामे, हजेरीपट, बिलांच्या नकला, तेलुगु वा मोडीतील हिशेबाच्या वह्या पडून असतील. त्या रद्दीत घालण्यापूर्वी संस्थेच्या कार्यालयात दाखवाव्यात. मोठ्या कंत्राटदारांची चार नावे आज आपण घेऊ शकतो. त्यांच्या हाताखाली दगड घडविणाऱ्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपणांस घेता येत नाही. त्या वह्यांत कदाचित ती नावे असतील, आणि ती सापडली तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत, कंत्राटदारांच्या नावांच्या आधी, छापली जावीत अशी चिटणीस मंडळास प्रार्थना आहे.