डोंगराने आखलेली हद्द

कान्हेरीच्या खडकावर पावसाळ्यात उभे राहिले की पाणी कुठून कुठे जाते ते पायाखालीच दिसते. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेकांच्या शेजारी पाण्याचे एक टाके आहे. वरच्या कातळावर बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. उतारावर पडलेला पाऊस त्यांतून वळत वळत टाक्यात उतरतो. इथल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याण, सोपारा अशा गावांच्या दात्यांची नावे आहेत आणि दानांमध्ये लेण्यांबरोबर पाण्याच्या पोढ्या, म्हणजे टाकीही आहेत. कातळाच्या किती तुकड्यावरचे पाणी आपल्या टाक्यात येईल, याचा अंदाज बांधल्याशिवाय पन्हळ खोदता येत नाही. मुंबईच्या उपनगरांत पाणलोट क्षेत्राचा विचार झाल्याचा सगळ्यांत जुना पुरावा हाच असावा, आणि तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे.

पाणलोट क्षेत्र म्हणजे पडलेला थेंब ज्या एका ओढ्याकडे, नदीकडे किंवा तलावाकडे ओघळतो तो सगळा उतार. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांमुळे हा शब्द महाराष्ट्राच्या दुष्काळी खेड्यांत घरोघरी गेला. अंधेरी-मुलुंडच्या इमारतींत तो क्वचितच कानावर पडतो. वास्तविक साष्टी बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या डोंगराने उपनगरांची खरी वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. पश्चिमेकडे दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या उतरतात. मुलुंड-भांडुपच्या बाजूचे ओढे ठाण्याच्या खाडीकडे जातात. विहार आणि पवईच्या सांडव्यांवरून निघालेली मिठी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते.

या डोंगराकडे मुंबई शहराचे लक्ष गेले ते तहानेमुळे. १८५४ च्या टंचाईत विहिरी आणि तळी आटली, होड्यांतून पाणी आणावे लागले, गुरे शहराबाहेर माहीमकडे हलवावी लागली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने विहारचे खोरे सुचवले. १८५६ मध्ये काम सुरू झाले आणि १८६० मध्ये तलाव पूर्ण झाला. निवडीमागचे गणित कान्हेरीच्या पन्हळींचेच होते: एवढ्या उतारावर एवढा पाऊस पडतो, तो एका तोंडाशी अडवला तर एवढे पाणी साठेल. विहारचे पाणलोट क्षेत्र जेमतेम १९ चौरस किलोमीटर आहे. वाढत्या शहराला ते पुरेना, म्हणून १८७९ मध्ये सुमारे पावणेसात चौरस किलोमीटरच्या उतारावरचा तुळशी तलाव आला. पाठोपाठ घाईघाईने पवई तलाव बांधला. त्याचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. १८९२ मध्ये तानसाचे पाणी पोहोचले आणि तहानलेले शहर साष्टीच्या पलीकडच्या डोंगरांकडे वळले.

विहार आणि तुळशीचे पाणी शहराच्या पोटात जाणार होते. त्यामुळे त्यांच्या भोवतालचा उतार राखला गेला. तिथे वस्ती आणि घाण येऊ नये याची काळजी घेतली गेली. आज उपनगरांच्या मधोमध जे जंगल उभे आहे, त्याचा मोठा भाग या राखणीमुळे टिकला. या जंगलातले स्वातंत्र्याआधीचे कृष्णगिरी उद्यान अवघे २० चौरस किलोमीटरचे होते. १९६९ मध्ये आसपासची राखीव वने जोडून त्याचा विस्तार झाला आणि १९८१ मध्ये त्याला संजय गांधी यांचे नाव मिळाले. आज उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठे आहे. तिथल्या बिबट्यांची चर्चा पुष्कळ होते. पण या झाडीला आधी वाचवले ते नळाच्या पाण्याने, हे विसरून चालणार नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठवणक्षमतेत विहार आणि तुळशीचा वाटा आता मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास उरला आहे. त्या दोन तलावांनी राखलेले रान मात्र शिल्लक आहे.

वरचा उतार असा जपला गेला. त्याच नद्यांच्या खालच्या उताराची मात्र वाटणी झाली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. कारभारासाठी प्रभाग पाडले गेले आणि त्यांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी रेल्वेरुळांवरून आखल्या गेल्या: अंधेरी पूर्व ‘के पूर्व’मध्ये, अंधेरी पश्चिम ‘के पश्चिम’मध्ये. माणसांच्या सोयीला ही विभागणी ठीक आहे. पाण्याला ती ठाऊक नाही. मिठी ‘एस’ प्रभागात उगम पावते, ‘के पूर्व’, ‘एल’ आणि ‘एच पूर्व’ला स्पर्श करत खाडीकडे जाते, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे म्हणायला जागा मिळते.

लोकसेवांचीही आपापली पाणलोटे असतात: माणसे ज्या परिसरातून शाळेत किंवा रुग्णालयात येतात तो सगळा परिसर. महाराष्ट्रात शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतच्या मुलाला घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ३ किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी. नकाशावर हे वर्तुळ सहज काढता येते. पण मधे रूळ किंवा द्रुतगती महामार्ग आला की सहा वर्षांच्या मुलासाठी तो एक किलोमीटर फार लांब होतो. घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय ‘एन’ प्रभागात आहे. रुग्ण मात्र कुर्ला, विक्रोळी, गोवंडी, मानखुर्दहूनही येतात, कारण लोकल आणि बस त्यांना तिथे आणून सोडतात. पाणी उताराने जाते, तशी माणसे वाहनाच्या सोयीने जातात. ज्या कार्यालयात ही वाट समजून घेऊन डॉक्टर आणि खाटा दिल्या जातात, तिथेच हद्दीच्या रेघेला काही अर्थ उरतो.

गटारांच्या बाबतीत पाणलोटाचा हा विचार कागदावर लवकर आला होता. ‘ब्रिमस्टोवॅड’ या १९९३ च्या अहवालाने मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांकडे पाणलोटनिहाय पाहिले आणि तासाला २५ मिलिमीटर पाऊस पेलणारी व्यवस्था ५० मिलिमीटरची करावी असे सुचवले. काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. कुर्ला-कालिन्यात माणसे माळ्यांवर चढून बसली, शेकडो जीव गेले. डॉ. माधव चितळे यांच्या समितीने चौकशी केली आणि मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तरीही नदीची जबाबदारी विभागलीच गेली: वरचे सुमारे १२ किलोमीटर महापालिकेकडे, खालचे ६ किलोमीटर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए). ज्या नदीची सगळी कथा एकाच उताराची आहे, तिच्या नकाशावर पुन्हा एक आडवी रेघ मारली गेली, याचे दुःख होते.

तलाव भरल्याची बातमी मुंबईत दरवर्षी आनंदाने वाचली जाते, आणि त्यात काही गैर नाही. मात्र विहार-पवईपुरती ती बातमी मिठीकाठच्या कुर्लेकरांसाठी वेगळी असते. १८ ऑगस्ट २०२५ रोजी विहार तलाव भरून वाहू लागला. १९ ऑगस्टला मिठीची पातळी ३.९ मीटरवर गेली आणि कुर्ल्याच्या क्रांतीनगरातल्या रहिवाशांना घरे सोडून पालिकेच्या शाळेत हलवावे लागले.