गाडीचे अ‍ॅव्हरेज अचानक घटले? गॅरेजमध्ये नेण्यापूर्वी काय तपासावे

लिटरला १८ किलोमीटर धावणारी पेट्रोल गाडी १५ वर आली, तर वर्षाला किती फटका बसतो? वर्षभरात १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला आधी सुमारे ६६७ लिटर पेट्रोल लागत होते, आता ८०० लिटर लागेल. लिटरचा भाव १०० रुपये धरला तरी हा जादा खर्च १३,००० रुपयांच्या वर जातो. शिवाय घटलेले अ‍ॅव्हरेज हे अनेकदा एखाद्या मोठ्या बिघाडाचे पहिले लक्षण असते. मोजमाप न करताच प्लग, फिल्टर, सेन्सर बदलत सुटले, की पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

अ‍ॅव्हरेज नेमके कसे मोजावे?

पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि ट्रिप मीटर शून्यावर आणावा. किमान ३०० किलोमीटर गाडी चालवून त्याच पंपावर पुन्हा तसेच भरावे. ट्रिप मीटरवरील किलोमीटरना दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागले, की खरे अ‍ॅव्हरेज मिळते. असे दोन-तीन वेळा करावे. एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

हा आकडा त्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी ताडावा, जाहिरातीतील आकड्याशी नव्हे. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्था प्रमाणित करतात ते मायलेज प्रयोगशाळेत, ठरावीक वेगक्रमानुसार मोजलेले असते. रोजची वाहतूक कोंडी, घाट आणि खड्डे त्यात नसतात.

ई२० पेट्रोलमुळे किती फरक पडतो?

इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर अ‍ॅव्हरेज थोडे घटणारच. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ही घट ६ ते ७ टक्के असेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिला होता. म्हणजे १८ चे १७ च्या आसपास येऊ शकते. आकडा थेट १५ वर आला असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते.

बिनखर्चाच्या तपासण्या

• टायरमधील हवा: गाडी थंड असताना तपासावी. योग्य दाब चालकाच्या दाराजवळील स्टिकरवर दिलेला असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरू नये.

• अडकलेला ब्रेक: पावसाळ्यानंतर किंवा गाडी बरेच दिवस उभी राहिल्यावर हा दोष हमखास दिसतो. दहा-पंधरा किलोमीटर चालवून प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, मात्र डिस्कला स्पर्श करू नये. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही.

• सवयी: गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणे, छतावर रिकामे कॅरिअर बाळगणे आणि महामार्गावर अतिवेग, या तिन्हींनी इंधन वाया जाते.

• एअर फिल्टर: जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत घाण फिल्टरमुळे पेट्रोल जास्त जात असे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेच्या प्रमाणात इंधन कमी करतो. त्यामुळे पिकअप घटतो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. फिल्टर वेळेवर बदलावाच, पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नये.

लक्षणांवरून दोष कसा ओळखावा?

इंजिनाचा आवाज आणि आरपीएम वाढतात, पण वेग वाढत नाही: क्लच प्लेट घसरते आहे. चढावर, वरच्या गिअरमध्ये हे लवकर कळते.

तापमानाचा काटा बराच वेळ चालवूनही नेहमीच्या जागी येत नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा किंवा कुणी तरी काढून टाकलेला असावा. इंजिन थंड आहे असे समजून संगणक जास्त इंधन सोडत राहतो. ‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?’ हा समज त्यामुळे महागात पडतो.

काळा धूर: इंधन गरजेपेक्षा जास्त जळते आहे. निळा धूर: इंजिन ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे लागते.

इंजिन अडखळते, धक्के देते: स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल.

‘चेक इंजिन’चा दिवा लागल्यास

दिवा स्थिर असेल, तर लवकरच स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा. पण कोड ही दिशा असते, निकाल नव्हे. मिश्रणात हवा जास्त असल्याचा कोड आला, तरी सेन्सर ठीक असून हवेचा पाइप फाटलेला असू शकतो. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब होऊ शकतो. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी.

स्वतः काय करू नये?

पेट्रोलचा वास येत असेल किंवा गळती दिसली, तर गाडी सुरू करू नये. मेकॅनिकला जागेवर बोलवावे. ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

गॅरेजमध्ये ‘अ‍ॅव्हरेज देत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा टाकीगणिक मोजलेले आकडे, घट कधीपासून झाली आणि सोबत कोणते लक्षण दिसते, हे लिहून न्यावे. भाग बदलण्यापूर्वी कोणती तपासणी केली ते विचारावे आणि काढलेला जुना भाग पाहून घ्यावा. दुरुस्तीनंतर पुन्हा दोन टाक्या मोजाव्यात. दोष खरोखर गेला की नाही, ते त्या आकड्यावरूनच कळते.